उपरण्याखालचा हात

आमच्या साडूंनी आजवर एकाही माणसाचा चेहरा पाहिलेला नाही, असं मी म्हणतो तेव्हा आमच्या सौभाग्यवती डोळे वटारतात. पण ते खोटं आहे असं म्हणायची त्यांचीही छाती होत नाही. चेहरा हा साडूंच्या लेखी गळ्याकडे जाताना वाटेत लागणारा एक निरुपयोगी भाग आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नगरला (सरकारने नाव बदललं, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं) एका मोठ्या दवाखान्यात ते भूलतज्ज्ञ आहेत, आणि तेही साधेसुधे नव्हेत, हृदयाच्या ऑपरेशनचे. माणसाचं काळीज बंद ठेवून दुरुस्त करायचं आणि पुन्हा चालू करायचं, तोवर त्या माणसाला झोपवून ठेवायचं काम साडूंकडे. मी राहात्याला कापडाच्या दुकानात बसणारा माणूस. गिऱ्हाईक जागं ठेवणं हा माझा धंदा आणि झोपवणं हा त्यांचा, त्यामुळे आमचं फारसं कधी जमलं नाही. त्यात ते थोरले जावई. घोडेगावला सासुरवाडीला गेलं की पहिला पाट त्यांचा, पहिली पुरणपोळी त्यांची, आणि तूप वाढताना मामींचा, म्हणजे सासूबाईंचा, हात सैल सुटायचा तोही त्यांच्याच ताटावर. माझ्या ताटापर्यंत येईतो तोच हात आखडायचा. ही जळजळ आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे बोलेन त्यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तर गळा. माणूस भेटला की आपण त्याला रामराम करतो, साडू त्याचा जबडा बघतात. झोपवलेल्या माणसाच्या श्वासनळीत नळी घालावी लागते, कुणाच्या ती सुळकन जाते आणि कुणाच्या गळ्यात वाट सापडत नाही, हे सगळं मला मान्य आहे. पण म्हणून बारशाला आलेल्या पाहुण्याला दारातच "वर बघा, आ करा, जीभ बाहेर काढा, एखादा दात हलतो का?" असं विचारायचं? एकदा त्यांच्या पुतण्यासाठी आम्ही कोपरगावला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, शिक्षण-बिक्षण विचारून झालं, आणि साडू खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बेटा, जरा वर बघ. आणखी वर. आता मोठ्ठा आ कर." मुलगी बिचारी गुणाची, तिने आ केला. तिचे वडील साखर कारखान्यात नोकरीला. सोयरिकीत लोक पत्रिका बघतात, रंग बघतात, पाण्याखालची जमीन बघतात हे त्यांना ठाऊक होतं. पण दात बघणारा पाहुणा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. साडूंचा चेहरा मात्र उजळला. "उत्तम! मान छान वळते, तोंड ऐसपैस उघडतं. उद्या काही झालं तरी काळजी नाही, नळी एका झटक्यात जाईल." मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "काही झालं म्हंजे?" मुलीच्या आईने विचारलं. ती सोयरीक जमली ती मुलाचा पगार बरा म्हणून, साडूंमुळे नव्हे. लग्नात स्टेजवर चढून साडूंनी नवरदेवाच्या कानात आशीर्वाद दिला, "तिचं सोपं आहे. तुझं मात्र अवघड आहे, हनुवटी आत आहे."

घोडेगावला ही हकिकत कळली तेव्हा मामा, म्हणजे आमचे सासरे, पोट धरधरून हसले. मामा जनावरांच्या बाजारातले जुने व्यापारी. उभा जन्म त्यांनी बैलांचे दात बघण्यात घालवलेला. "थोरला जावई आपल्या जातकुळीचा निघाला," ते म्हणाले. "दात बघितल्याबिगर घ्यायचं न्हाई." तेव्हापासून त्या दोघांचं जे गूळपीठ जमलं, ते मला कधी आवडलं नाही. मी दर दिवाळीला मामांना दुकानातलं उत्तमातलं उत्तम उपरणं नेऊन द्यायचो. ते खांद्यावर टाकून मामा साडूंशीच गप्पा मारत बसायचे.

साडूंचं दुसरं व्यसन म्हणजे झोपलेली माणसं. जागा माणूस त्यांना कंटाळवाणा वाटतो, पण कुणी घोरायला लागलं की साडू अंगात वारं शिरल्यागत उठतात. लग्नाची पंगत उठल्यावर मंगल कार्यालयात सतरंजीवर काका-मामांची रांग आडवी होते ना, त्या रांगेतून साडू वाकून वाकून फिरतात. प्रत्येकाचं पोट वरखाली होतंय का ते बघतात, आणि ज्याचं घोरणं मध्येच अडकतं त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून जबडा वर उचलून धरतात. तो दचकून जागा झाला तर म्हणतात, "असू द्या, असू द्या. श्वास अडत होता तुमचा. झोपा तुम्ही." आता डोळे उघडल्यावर असा चष्मा आपल्या नाकावर ओणवलेला दिसल्यावर कोण झोपेल? एका दिवाळीत माझ्यावरही हा प्रसंग आला. भरपेट फराळ करून मी माजघरात लवंडलो होतो. जाग आली तर गळ्याशी बर्फासारखी गार बोटं. ऑपरेशन थिएटरच्या गारव्यात राहून साडूंचे हात बारा महिने गारच असतात. मी बोंब ठोकली, "साडू, जीव घेता काय माझा?" ते शांतपणे म्हणाले, "घेत नाही, ठेवतोय." घरातल्या सगळ्या बायका त्यांच्याच बाजूने बोलल्या. बाकी लोकांना झोपवायला या माणसाला औषध कशाला लागतं हे मला न सुटलेलं कोडं आहे. त्यांनी नुसतं बोलायला सुरुवात केली तरी पुरे होईल.

बोलतात काय, तर संशोधन. जेवताना डाव्या हातात मोबाईल आणि त्यावर कुठल्या तरी परदेशी मासिकातला नवा शोधनिबंध. आपण म्हणावं, वांग्याची भाजी झणझणीत झालीय, तर ते म्हणणार, "हल्ली बायपासनंतर मॉर्फिन कमी द्यायचा विचार आहे. छातीच्या पिंजऱ्याशी, पाठीकडून सुई घालून नसाच बधिर करायच्या." असं म्हणून ते ताईंच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, पाठीवर खरकट्या बोटाने जागा दाखवायचे. त्या बाईंच्या ब्लाउजपिसांचा खप माझ्या दुकानात इतका का होता, ते मला फार उशिरा कळलं. आणि एक शोध धरून बसले तर शपथ. कधी गाण्यांचं वेड: ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या कानाला गाणी लावायची म्हणजे भीती कमी होते. कधी चष्म्याचं वेड: म्हाताऱ्या माणसाला शुद्धीवर येताच त्याचा चष्मा, त्याची कवळी, कानातलं मशीन द्यायचं, म्हणजे तो भ्रमात जात नाही. त्यात तथ्य असेलही. पण कवळ्यांची अदलाबदल झाली तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी मिळून आयसीयू डोक्यावर घेतला होता, हे कुठल्या मासिकात छापून आलं नाही.

ओळखीच्या आवाजाचं वेड तर विचारूच नका. शुद्धीवर येताना घरच्या माणसाचा आवाज कानावर पडला की पेशंट शांत राहतो, असं साडूंनी कुठंसं वाचलं. झालं! निघाले मोबाईल घेऊन नातेवाइकांची रेकॉर्डिंग करायला. एका शेतकऱ्याचं ऑपरेशन होतं, पोरगा चांगला तिशीचा बाप्या. साडू म्हणाले, "वडिलांशी दोन प्रेमाचे शब्द बोल." आता आमच्या मुलखात बापाशी प्रेमाचे शब्द कोण बोललंय? पोरगा घामाघूम झाला, मान खाली घातली, आणि बापाशी जे बोलायची जन्मभराची सवय तेवढंच बोलला, "दादा, लाईट आली. मोटार चालू करायची का?" साडूंनी ते भक्तिभावाने म्हाताऱ्याच्या कानाला लावलं. लाईट आली म्हटल्यावर शेतकरी पडून राहील होय? रात्री-बेरात्री वीज येते आणि तासाभरात जाते, तेवढ्यात बारं फोडून, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात सोडून, सगळं भरणं उरकायचं असतं. म्हाताऱ्याने अर्ध्या भुलीतच पाय खाली टाकले, छातीच्या वायरी उपटायला लागला आणि "चप्पल कुठंय माजी? बारं फोडायचंय!" म्हणून ओरडायला लागला. चार जणांनी धरला तेव्हा आवरला. मी ही गोष्ट दुकानात येईल त्याला सांगतो. साडू म्हणतात, "हसा तुम्ही. पण माणूस आपल्या शेतात जागा झाला, भ्रमात नाही. म्हणजे शोध बरोबरच आहे."

त्यांचं सगळ्यात आवडतं खेळणं म्हणजे दुखण्याचे गुण. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. सांगा, आता किती?" हा प्रश्न ते इतक्या गोडीने विचारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पैकीच्या पैकी मिळवले तर बक्षीस आहे. आमची माणसं त्यांना काय एकेक उत्तरं देतात! कुणी म्हणतं, "लई." कुणी म्हणतं, "तुमीच लावा अंदाजानं." एका नेवाशाच्या आजीबाई म्हणाल्या, "बाळा, धात बसंल एवडं थोडं न्हाई ते." एका निवृत्त गुरुजींनी साडेतीन सांगितले आणि वर बजावलं, की माझ्या हातून आजवर कुणाला याहून जास्त मिळाले नाहीत. साडू हे सगळं मला जेवताना सांगायचे आणि कपाळाला हात लावायचे. "लोक खरा आकडा सांगत नाहीत हो! खरा आकडा कळल्याशिवाय मी औषध किती देऊ?" मला हसू यायचं. गिऱ्हाईक कधी खरा आकडा सांगतं का? हे मी त्यांना फुकट शिकवलं असतं.

आणि मग मामा आजारी पडले. काळजाची एक झडप आखडली होती, चार पावलं चाललं तरी धाप लागायची. जुन्या बिड्यांनी फुप्फुसं कामातून गेलेली, वय झालेलं, काळीजही थकलेलं. छाती न उघडता नळीतून झडप बसवतात, तेही तपासून झालं, पण मामांच्या नसा त्याला धड नव्हत्या. ऑपरेशन केलं तर टेबलावरच काय होईल सांगता येत नव्हतं, आणि नाही केलं तर दिवस मोजकेच होते. आमचा मेहुणा, मामांचा एकुलता एक मुलगा, टेम्पो चालवतो, कांदा पिकवतो, बापावर जीव टाकतो. त्याने एका फटक्यात ठरवून टाकलं: ऑपरेशन करायचं, आणि दादांना काही सांगायचं नाही. आमच्याकडे आजार सगळ्या गावाला सांगतात, फक्त आजाऱ्याला सांगत नाहीत. बाजारातल्या चहावाल्यापासून जनावरांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांना मामांची झडप पाठ होती. मामांना मात्र घरच्यांच्या सांगण्यानुसार गॅस झालेला होता. भेटायला येणारे शहाळं ठेवायचे, दारात मेहुण्याच्या गळ्यात पडून डोळे पुसायचे, आणि आत येऊन मामांना म्हणायचे, "ओवा खात जा."

साडू अडून बसले. नेमकं त्याच सुमाराला त्यांना नवं वेड लागलं होतं, पॅलिएटिव्हचं. म्हणजे, आजार बरा होवो न होवो, माणसाचा त्रास कमी करायचा आणि त्याच्या मनासारखं करायचं. आणि हे शेवटी-शेवटी नाही, तर अवघड ऑपरेशनच्या आधीच. त्याला नीट बसवून विचारायचं, बाबा रे, तुला काय हवंय, काय झालेलं चालेल, काय चालणार नाही. साडू म्हणाले, "मामांना विचारल्याशिवाय मी त्यांना टेबलावर जाऊ देणार नाही." मेहुणा तापला. "इचारून काय करता? घाबरून मरतील त्ये! परक्याची काळजं बशिवता, आन् घरच्या मानसाला सवाल इचारीत बसा तुमी!" मामी पदराआड रडायला लागल्या. ताई नवऱ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. मला विचाराल तर मला दोघांचंही पटत होतं. कापडाच्या धंद्यात दोन्ही बाजूंना हो म्हणायची सवय लागते. पण मनातून वाटत होतं, हे आपलं वेड घेऊन मामांच्या अंगावर जायला नको होतं यांनी.

एका सकाळी साडू पडवीत मामांसमोर जाऊन बसलेच. आम्ही सगळे भोवती, मेहुणा दारात हाताची घडी घालून. साडूंनी मोबाईलमधून इंग्रजी प्रश्न काढले आणि त्यांचं मराठी करून विचारायला लागले. "मामा, तुमच्या आजाराविषयी तुमचं आकलन काय आहे?"

मामांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

"बरं. येत्या काळातली तुमची उद्दिष्टं काय आहेत?"

"उद्दिष्टं? मी काय ग्रामपंचायत हाय व्हय?" मामा माझ्याकडे वळले. "धाकलं पावनं, ह्ये काय इचारत्यात?"

"मामा, मलाबी कळलं नाही," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

"दादा, गॅसचं इचारत्यात," मेहुणा दारातून म्हणाला.

"गॅस तुज्या आज्याला झाल्ता!" मामांना बोलताना धाप लागत होती, पण आवाजात जरब होती. "मी काय येडा हाय? गॅससाटी नगरातनं काळजाचा डाक्टर येतो व्हय? आन् ती शहाळ्याची रास कशाला लावली दारात?" मग ते साडूंकडे वळले आणि अगदी समजुतीने म्हणाले, "पावनं, तुमी सौदा बराबर आनलाय, पन बोलायची रीत चुकली. बाजारात भाव आसा धा मानसांत वरडत्यात का? हात आना हिकडं."

आता ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नसतो. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर उपरणं टाकतात, आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती गर्दी असते, पण कुणी किती बोटं धरली ते त्या दोघांनाच ठाऊक. सौदा मोडला तरी तो आकडा बाहेर काढायचा नाही, ही तिथली रीत. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझ्याच दुकानातलं, आणि साडूंच्या हातावर टाकलं. "हात लई गार हाय. आसल्या हातानं सौदा हुतो व्हय?" असं म्हणत त्यांनी आधी आकडे शिकवले: एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा. साडू शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान हलवत होते. मग मामांनी विचारलं, "माज्यासारखी धा जनावरं तुमच्या थेटरात नेली, तर आपल्या पायानं भाईर येतील किती? खरा भाव सांगायचा. जावई म्हनून न्हाई."

साडूंनी मान वर केली. आजवर मी त्यांना गळा सोडून कुणाच्या तोंडाकडे बघताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते मामांच्या तोंडाकडे बघत होते. उपरणं जरासं हललं. मामांच्या चेहऱ्यावर रेषासुद्धा हलली नाही, बाजारातला मुरलेला गडी तो. "आन् न्हाई नेलं तर? किती म्हैनं?" उपरणं पुन्हा हललं. मामांनी मान वळवली. समोरच्या गोठ्यात त्यांची म्हातारी बैलजोडी रवंथ करत होती, तिकडे बघत बसले. मग हात काढून घेतला आणि म्हणाले, "सौदा न्हाई. मी हितंच ऱ्हातो. पन पावनं, दम कोंडून तडफडून मरताना बघितल्यात मी जनावरं. तसं मला जाऊ देऊ नका. तेवडं तुमच्याकडं."

"बघतो, मामा," साडू म्हणाले.

मेहुणा पुढे झाला. "किती बोटं दिली तुमी? मला कळाया पायजेल! माजा बाप हाय त्यो!" मामाच म्हणाले, "तू आदी उपरण्याच्या भाईर हो." पोरगा मटकन खाली बसला आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. मामा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, पण तिथेही मनात तेच किरकिरत होतं, की किती बोटं?

त्यानंतर साडू दर बाजारच्या दिवशी घोडेगावला यायला लागले. रस्त्यावर जनावरांच्या टेम्पोंची ही गर्दी, त्यातून हॉर्न वाजवत काळजाचा डॉक्टर येणार म्हटल्यावर मामी दारात उभ्या. पहिल्या खेपेला त्यांनी पिशवीतून काय काढावं? जत्रेत लेकरांना घेऊन देतात तसला बॅटरीचा चिमुकला पंखा! "तोंडावर वारं लागलं की धाप कमी वाटते, संशोधन आहे," म्हणाले. मेहुण्याने माझ्याकडे असं बघितलं, की आता तुम्हीच बोला. एवढं शिकून माणसाने खेळणं आणावं? पण मामांनी तो पंखा तोंडापुढे धरला आणि डोळे मिटून म्हणाले, "ग्वाड लागतंय." पुढे तो पंखा त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या खेपेला मॉर्फिनची अगदी थोडी मात्रा सुरू झाली. गावात बोभाटा झाला, जावई सासऱ्याला अफू चारतोय. अफूच ती एका परीने, पण मामा भिंतीला टेकून का होईना झोपायला लागले, आणि गावाला दुसरा विषय मिळाला.

प्रत्येक खेपेला उपरणं पडायचं. "दम किती, मामा?" आणि आत बोटं. पण जन्मभर व्यापार केलेला माणूस खरा भाव पहिल्या दमात सांगेल होय? मामा घासाघीस करायचे. घरातली माणसं घाबरतील म्हणून कमी सांगायचे. मग साडू हात सोडायचेच नाहीत, दाबून पुन्हा विचारायचे. कधी उलटं. एकदा त्यांनी पंजावर पंजा दाबला म्हणून साडू औषध वाढवायला लागले, तर मामा हळूच म्हणाले, "तंबाकूची येक चिमूट दिली तर पाचावर येतो." साडूंनी मामींची नजर चुकवून चिमूट दिली. ती कुठल्या संशोधनात बसते ते मी त्यांना मुद्दाम विचारलं. "मनासारखं करायचं, या सदरात," म्हणाले. ऐट बघा! पण दोघांचे हात उपरण्याखाली गेले की घरातली बडबड आपोआप थांबायची, आणि मेहुणाही मान खाली घालून शेजारी बसून राहायचा. साडूंचे गार हात मामांनी कधी सोडले नाहीत, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मामा गेले तेही बाजारच्याच दिवशी, सकाळी. बाहेर जनावरं हंबरत होती, व्यापारी हाका मारत होते. मामांनी डोळ्यांनीच उपरणं मागितलं. साडूंनी हातात हात घेऊन ते वर टाकलं आणि "किती, मामा?" असं विचारलं. बराच वेळ उपरणं हललं नाही. मग मामांना झोप लागली. साडू त्यांच्या छातीकडे बघत बसले, मंगल कार्यालयात सतरंजीवरच्या माणसांकडे बघतात तसेच. श्वास लांबत गेला. मला वाटलं आता हे हनुवटीखाली बोटं घालणार. त्यांनी घातली नाहीत. मामांनी मागितलं होतं तसंच झालं. धाप नाही, तडफड नाही, झोपेतच थांबले. सगळे रडायला लागले तरी साडूंनी उपरण्याखालचा हात काढला नव्हता. ताईंनी येऊन तो सोडवला.

दहाव्याच्या दिवशी ते मोरीपाशी तोंड धूत होते, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साडू, पहिल्या दिवसाचं मी विचारत नाही. पण शेवटी किती बोटं दिली मामांनी?" मला वाटलं, रीत सांगून मला उडवून लावतील. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा पुसला. म्हणाले, "दिलीच नाहीत हो. नुसता हात धरून ठेवला." आणि मग इतक्या हळू की नळाच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं, "एवढी वर्षं लोकांना विचारतोय. याला किती धरायचे, ते मला अजून कळत नाही." मला काहीतरी टोमणा मारायचा होता, तो राहिला. मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांना तोंड पुसायला दिला.

या दिवाळीला साडू आमच्याकडे राहात्याला आले होते. सवयी काडीइतक्याही सुधारलेल्या नाहीत. माझ्या दुकानातल्या नव्या पोराचा जबडा त्यांनी उंबऱ्यातच तपासला. जेवताना मेंदूच्या लहरी मोजून भूल किती द्यायची याचं नवं पुराण लावून माझ्या बायकोची बासुंदी वाया घालवली. दुपारी मी माजघरात आडवा झालो. डोळा लागला असेल नसेल, तोच हनुवटीखाली ती दोन गार बोटं आली. मी पुरता जागा झालो होतो, ओरडायला तोंडही उघडलं होतं. मग तसेच डोळे मिटून घेतले आणि घोरत राहिलो.